पाण्याशी कोणाचं जमतं?

मागच्या अंकात पेशीच्या पटलाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेकांनी एकच तक्रार केली आहे: पुस्तकातल्या तक्त्यात 'कर्बोदके – ऊर्जा, मेद – ऊर्जेचा साठा' एवढंच असतं, मग बाकीचं कुठे आहे? तक्रार रास्त आहे. हा तक्ता मीही वर्षानुवर्षं फळ्यावर काढला. आता निवृत्त झाले आहे, तर थोडं खरं बोलायला हरकत नाही.

प्रश्न : बाई, पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल फॉस्फोलिपिडच्या दोन थरांचं असतं, पण त्या रेणूंमध्ये एकमेकांशी रासायनिक बंध नसतो असं आमचे सर म्हणाले. मग ते सुटून का जात नाहीत? (अकरावीतली एक विद्यार्थिनी)

सर म्हणाले ते बरोबर आहे. तू मात्र त्यांच्या पुढचं विचारलंस.

फॉस्फोलिपिड हा मेदाचाच (लिपिडचा) एक प्रकार. त्याचा एक रेणू डोळ्यांसमोर आण. एक डोकं, दोन शेपट्या. डोक्यात फॉस्फेट असतं, त्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे पाण्याशी त्याचं छान जमतं. शेपट्या म्हणजे बहुतेक वेळा सोळा-अठरा कार्बनच्या लांब साखळ्या. पाण्याला देण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नाही. या शेपट्या पाण्याला 'घाबरतात' असं सगळेच सांगतात. मीही सांगायचे. आता मला ते पटत नाही. घाबरत कोणीच नाही. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात धरून असतात आणि हे हात क्षणोक्षणी सुटून दुसऱ्या कुणाशी तरी जुळत असतात. मध्ये तेलकट शेपटी आली की तिच्या शेजारच्या पाण्याला ही मोकळीक उरत नाही, ठरावीक पद्धतीने अंग चोरून उभं राहावं लागतं. शेपट्या एका जागी गोळा झाल्या की तेवढं पाणी सुटतं. म्हणजे शेपट्यांनी एकमेकींना घट्ट धरलंय असं नाही, पाण्याने त्यांना आपल्यातून बाहेर काढून एकत्र लोटलंय. पटल टिकतं ते भोवतालच्या पाण्यामुळे. त्याच पेशी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात टाक, थर-बिर काही राहत नाही, सगळे फॉस्फोलिपिड सुटे होऊन विरघळतात.

आणि या थराला उघडी कड परवडत नाही, कारण कडेला शेपट्या पुन्हा पाण्यासमोर येतात. म्हणून तो स्वतःच वळून पिशवी होतो, आणि बारीक सुई टोचली तरी छिद्र आपोआप मिटतं. पेशीत सुईने काही घालता येतं ते याच गुणामुळे.

दोन थर आहेत हे कळलं कसं, ही गोष्ट मला फार आवडते. 1925 साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी माणसाच्या आणि काही प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी घेतल्या. निवड हुशारीची होती. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आतली इतर पटलंही नसतात, त्यामुळे जो काही मेद निघेल तो बाहेरच्या पटलाचाच. तो मेद त्यांनी ॲसिटोनने काढला, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा होईपर्यंत पसरवला आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरलं. दुप्पट, म्हणजे दोन थर! पुढे लक्षात आलं की ॲसिटोनने सगळा मेद निघतच नाही, आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी मोजला होता. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर बरोबर आलं. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने जर्नलमध्ये असं केलं असतं तर मी लाल शाईने गोल काढला असता.

पाण्यावर थर पसरवून मोजण्याची ही युक्ती मुळात जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकल्स यांची. त्यांना विद्यापीठाचं शिक्षण मिळालं नाही, घर सांभाळता सांभाळता त्यांनी प्रयोग केले. त्यांचं पत्र भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेकडे पाठवलं आणि ते 1891 मध्ये छापून आलं.

या पटलाची जाडी साधारण 5 नॅनोमीटर. तू हे वाचते आहेस ते पान दशांश मिलिमीटर जाड धरलं, तर तेवढ्या जाडीत वीस हजार पटलं बसतील.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की पटलातले रेणू 'आपापल्या जागी उभे असतात'. हे चुकीचं आहे ना? (एक निवृत्त औषधनिर्माता)

चुकीचंच आहे. लिहिताना हात सैल सुटला, माफ करा. 'आपापल्या थरात' असं लिहायला हवं होतं.

आपल्या थरात हे रेणू अखंड सरकत असतात. दोन मायक्रोमीटर लांबीचा जिवाणू घेतला तर एखादा फॉस्फोलिपिड त्याच्या या टोकापासून त्या टोकाला सेकंदाभरात पोचतो. प्रथिनंही हलतात. 1970 साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत विलीन केल्या. दोन्हींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगाने चमकणारी प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) चिकटवली. सुरुवातीला अर्धा गोळा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. 37 अंशांवर चाळीसेक मिनिटांत बहुतेक पेशींवर रंग सरमिसळ झाले. थंड ठेवल्यावर मात्र जिथल्या तिथे. असल्या पुराव्यांच्या आधारावर सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये पटलाचं जे चित्र मांडलं, तेच आज पाठ्यपुस्तकात 'द्रव-मोझेक' म्हणून येतं.

या थरातून त्या थरात उडी मारणं मात्र अवघड. डोक्याला मधला तेलकट पट्टा ओलांडावा लागतो, आणि आपणहोऊन असं व्हायला तास, कधी दिवस लागतात. त्यासाठी पेशी खास विकरं (एन्झाइम) ठेवते आणि त्यांच्यावर ऊर्जा खर्च करते. एवढा खटाटोप कशाला? कारण दोन थर सारखे नसतात, आणि तो फरक पेशीच्या कामाचा असतो. फॉस्फटिडिलसेरीन नावाचा एक लिपिड निरोगी पेशीत आतल्या थरातच राखलेला असतो. पेशी मरणपंथाला लागली की तो बाहेर दिसू लागतो, आणि भक्षक पेशी ओळखतात: ही संपली, हिला उचला. एका तेलकट रेणूने केवळ कूस बदलली की पेशीचं भवितव्य ठरतं. तक्त्यात हे 'ऊर्जेचा साठा' या रकान्यात कुठे बसवायचं ते मला कुणी सांगावं.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं आलं आहे. वय 63. ते शरीरातून पूर्णपणे घालवता येईल का?

पूर्णपणे घालवलंत तर त्याच्याबरोबर तुम्हीही जाल, म्हणून तो विचार नको. तुमच्या तांबड्या पेशींच्या पटलात फॉस्फोलिपिडच्या जवळजवळ बरोबरीने कोलेस्टेरॉलचे रेणू आहेत. चार कड्यांचा हा ताठ रेणू शेपट्यांच्या मध्ये घुसून उभा असतो. शरीराच्या तापमानाला शेपट्या फार वळवळतात, तेव्हा तो त्यांना आवरतो. थंडीत त्या एकमेकींना घट्ट चिकटून गोठायला बघतात, तेव्हा हाच मध्ये अडचण करून त्यांना गोठू देत नाही. शिवाय पित्ताम्लं, स्टिरॉइड संप्रेरकं आणि ड जीवनसत्त्व यांची घडण याच घराण्यातून होते. शरीराला लागणारं बरंचसं कोलेस्टेरॉल ते स्वतःच बनवतं, आणि ते उगाच नाही.

रिपोर्टातला आकडा पटलातल्या कोलेस्टेरॉलचा नसतो, तो रक्तातून वाहतुकीत असलेल्या मालाचा असतो. इथेही पाणी आडवं येतं. रक्त पाणीदार, कोलेस्टेरॉल त्यात विरघळत नाही, म्हणून त्याला गोळ्यांमध्ये भरून पाठवावं लागतं. त्या गोळ्यांचं वेष्टन फॉस्फोलिपिडच्या एकाच थराचं, डोकी बाहेर, कारण आत पाणी नसून तेलच आहे. एलडीएल आणि एचडीएल ही या गोळ्यांची नावं. 'चांगलं' आणि 'वाईट' कोलेस्टेरॉल असे दोन वेगळे रेणू नाहीत, रेणू एकच, गाड्या वेगळ्या. एलडीएलच्या गाड्या फार झाल्या की त्या रोहिणीच्या भिंतीत अडकून राहतात, दुखणं ते आहे. डॉक्टरांनी औषधं दिली असतील तर माझं उत्तर वाचून ती बंद करू नका. मी प्रयोगशाळेतली बाई, दवाखान्यातली नव्हे.

प्रश्न : शरीर चरबीच का साठवतं? साखर का साठवत नाही? साखर लगेच वापरता तरी आली असती. (वजन उतरवण्याच्या खटपटीत असलेली एक वाचक)

साठवतं की! ग्लायकोजेन म्हणून, यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास. पण त्याहून फार जास्त नाही, आणि कारण हिशेबाचं आहे. तुमच्या अंगावर दहा किलो चरबी आहे असं धरू. ग्रॅमला 9 किलोकॅलरी, म्हणजे 90 हजार किलोकॅलरी. तेवढीच ऊर्जा कर्बोदकात ठेवायची तर ग्रॅमला 4 प्रमाणे साडेबावीस किलो कोरडं ग्लायकोजेन लागेल. पण ग्लायकोजेन कोरडं राहतच नाही. पाण्याशी त्याचं इतकं जमतं की एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी ते जवळ बाळगतं. झाले नव्वद किलो. दहा किलोंच्या जागी नव्वद! चरबी पाण्याला जवळ करत नाही म्हणूनच ती सुटसुटीत ठेवता येते. (आणि पथ्याच्या पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो त्यात मोठा वाटा या ग्लायकोजेनबरोबरच्या पाण्याचा असतो. पेढे वाटायची घाई नको.)

मग सुटी साखरच पेशीत का ठेवू नये, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर मला पुस्तकाआधी हाताने मिळालं. डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झाले त्या वर्षी तांबड्या पेशी धुवायच्या होत्या. शेजारी-शेजारी दोन सारख्या बाटल्या, एकीत 0.9 टक्क्यांचं मिठाचं पाणी, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी. मी दुसरी उचलली. परीक्षानळीतलं मिश्रण आधी गढूळ, वीटकरी होतं, नळीच्या मागे धरलेलं वर्तमानपत्र अजिबात दिसत नव्हतं. नळी एकदा उलटी-सुलटी केली आणि मिश्रण लाल काचेसारखं आरपार झालं. मागची अक्षरं स्पष्ट वाचता आली. पेशीच उरल्या नव्हत्या. आत विरघळलेले कण जास्त, बाहेर काहीच नाही, तेव्हा पाणी आत घुसत गेलं आणि प्रत्येक पेशी फुगून फुटली. आमचे प्रमुख मागे उभे होते. ते फक्त म्हणाले, "परासरण समजलं ना? आता परत रक्त आणा."

परासरण कणांची संख्या मोजतं, वजन मोजत नाही. यकृताच्या पेशीतलं सगळं ग्लायकोजेन सुट्या ग्लुकोजमध्ये मोडलं तर त्याची संहती लिटरला सुमारे 0.4 मोल होईल, रक्तात जेवढं ग्लुकोज असतं त्याच्या ऐंशी पट. पेशीची गत माझ्या नळीतल्यासारखी होईल. हजारो ग्लुकोज एका रेणूत ओवले की साखर तेवढीच राहते पण कण नगण्य होतात. ओवायची पद्धतही बघण्यासारखी आहे: दर आठ-बारा ग्लुकोजनंतर एक फांदी. फांद्या जास्त म्हणजे टोकं जास्त, आणि ग्लुकोज टोकांवरूनच खुडलं जातं. धावायची वेळ आली की शेकडो टोकांवर एकदम खुडणी सुरू होते.

प्रश्न : साखर पाण्यात इतकी छान विरघळते, मग ती पेशीत सरळ का शिरत नाही? इन्सुलिन कशाला लागतं?

विरघळते म्हणूनच शिरत नाही. पाण्याशी जडलेलं नातं तोडून तेलकट पट्ट्यात उतरायला ग्लुकोज तयार नसतं. कर्बोदक या शब्दातच उदक आहे, कर्ब अधिक उदक. ग्लुकोजचं सूत्र बघा, सहा कार्बन आणि सहा पाणी एवढाच ऐवज. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मात्र पटलातून न विचारता जातात.

ग्लुकोजसाठी प्रथिनांची दारं असतात. तांबड्या पेशीत ती कायम बसवलेली. स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत बरीचशी दारं आत छोट्या पिशव्यांमध्ये ठेवलेली असतात, इन्सुलिनचा निरोप आला की त्या पिशव्या पटलात मिसळतात आणि दारं पृष्ठभागावर येतात. स्नायू कामाला लागले की हीच दारं इन्सुलिनच्या निरोपावाचूनही वर येतात. मधुमेह असणाऱ्यांना चालायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न : तर मग साखरेचं काम शेवटी ऊर्जाच ना? तुम्ही तक्त्यावर एवढ्या रागावता का? (एक पालक)

तुमचा रक्तगट कोणता? जो असेल तो साखरेने ठरवलाय.

तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर, लिपिडांना आणि प्रथिनांना जोडलेल्या, साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी 'एच' नावाची एक ठरावीक मांडणी. त्यावर गॅलॅक्टोज जोडलं की गट बी. गॅलॅक्टोजच्याच दुसऱ्या कार्बनवर थोडा बदल केलेली शर्करा, एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन, जोडली की गट ए. दोन्ही असतील तर एबी. काहीच जोडलं नाही, नुसता एच राहिला, तर ओ. ए आणि बी जोडणारी विकरं 354 अमिनो आम्लांची, त्यांच्यात फरक फक्त चार जागी. गट लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये सांगितले, पण ते साखरेचे आहेत हे उलगडायला पुढची पन्नासेक वर्षं लागली. आणि एचच नसेल तर? तोच 'बॉम्बे' रक्तगट. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये त्याची नोंद केली. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, कारण त्यातला एच त्याच्या शरीराला परका.

प्रयोगशाळेत हे बघायला मिनिटभर पुरतं. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकावर निळं अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी प्रतिद्रव्यं). काडीने ढवळायचं आणि पट्टी हळू डोलवायची. एक थेंब एकसंध राहतो. दुसऱ्यात आधी किनार खडबडीत होते, मग रवाळ, मग लाल चुऱ्यासारखे गोळे आणि मध्ये स्वच्छ द्रव. एका शर्करेवरच्या एका टोकाच्या फरकाने रक्त देता येईल की जीव जाईल हे ठरतं. सगळ्या मुलांना मी ही पट्टी उजेडासमोर धरायला लावायचे.

या साखळ्या नेहमी बाहेरच्याच बाजूला का? पाण्याकडे ओढा आहे हे एक, पण आतही पाणीच आहे. खरं कारण जोडणीच्या जागेत आहे. या साखळ्या पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या आणि गॉल्जीच्या, म्हणजे पटलांनी बनलेल्या आतल्या कप्प्यांच्या, पोकळीत जोडल्या जातात. तिथली पिशवी पटलात मिसळली की तिची आतली बाजू बाहेर येते, खिसा उलटा केल्यासारखी. आणि पटल ओलांडून परत फिरणं साखरेला जमत नाही, ते वर आलंच आहे.

बाहेरच्या या साखरेचा फायदा इतरही घेतात. इन्फ्लुएंझाचा विषाणू आपल्या पेशींवरच्या साखळ्यांच्या टोकाचं सियालिक आम्ल पकडून आत शिरतो. एच1एन1 मधला एच म्हणजे हे पकडणारं प्रथिन (रक्तगटातल्या एचशी याचा संबंध नाही, नावांचा तुटवडा आहे). एन म्हणजे तेच सियालिक आम्ल कापणारं विकर. ते कशाला? नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना त्याच साखरेला चिकटून बसतात, त्यांना सोडवायला. ओसेल्टामिविर हे औषध ही कात्रीच अडवतं, मग विषाणू तयार होऊनही दारातच अडकतात.

प्रश्न : साबणाने विषाणू फुटतात, मग हाताच्या पेशी का फुटत नाहीत? (सहावीतला वाचक)

भले शाब्बास. साबणाच्या रेणूला डोकं एक आणि शेपटीही एकच, म्हणून तो पाचरीसारखा असतो. असे रेणू पटलात घुसले की सपाट थर टिकत नाही, त्याचे तुकडे पडतात. ज्या विषाणूंना मेदाचं वेष्टन असतं ते यामुळे संपतात. ज्यांना ते नसतं ते फुटत नाहीत, फक्त चोळून धुतल्यावर वाहून जातात, तेव्हा हात चोळायचा कंटाळा करू नकोस. तुझ्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यांच्यामध्ये मेद ठासून भरलेला. फुटण्यासारखं तिथे जिवंत काही नाही. फार धुतलं तर तो मेद निघतो आणि हात कोरडे पडतात, एवढंच. डोळ्यात तसा थर नाही. तिथे काय होतं हे तुला आंघोळीत कधीतरी कळलंच असेल, मुद्दाम प्रयोग करू नकोस.